घुमेसाहेबांचा बोलका प्रोग्रॅम

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात दादाला सगळे घुमेसाहेब म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हे. माणूस घुमा, म्हणून घुमेसाहेब. पण नाव इतकं रुळलं, की एका नव्या कारकुनानं दादाच्या ओळखपत्रावर खुशाल 'घुमे' असं छापून आणलं, आणि दादा ते कार्ड कितीतरी दिवस गळ्यात घालून हिंडला. दुरुस्त करून घ्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं ना.

हा किस्सा सगळ्यात रंगवून सांगायची ती धाकटी. धाकटी म्हणजे दादाची बहीण. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. दादा-वहिनींनीच तिला लहानाची मोठी केली. वहिनी बोलायची, रागवायची, लाड करायची. दादा नुसता असायचा. त्यानं तिला सायकल शिकवली, गणित शिकवलं, पुढे सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकवलं, आणि या सगळ्यात मिळून त्यानं जेवढे शब्द वापरले, तेवढे वहिनी भाजीवाल्याशी एका सकाळी खर्च करायची.

गंमत अशी, की हाच माणूस प्रोग्रॅम लिहायला बसला की त्याला कंठ फुटायचा. कारखान्यात रंगाच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. कुठल्या टाकीत पाणी कधी सोडायचं, वाफ किती द्यायची, रंग कधी ओतायचा, हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम दादानं एकट्यानं लिहिला होता. सी भाषेत स्क्रीनवर काही उमटवायचं असेल तर प्रिंटएफ नावाचा हुकूम द्यावा लागतो. शहाणे लोक तो बेतानं वापरतात. दादानं तो भाजीत मीठ घालावं तसा प्रत्येक पायरीला घातला होता. दुसऱ्या कुणी 'टाकी चार, पायरी दोन' एवढं छापून विषय संपवला असता. दादाचा प्रोग्रॅम म्हणायचा, 'पाणी हवंय.' मग म्हणायचा, 'थोडं थांबा, घाई नको.' मग, 'आता बरं वाटतंय, वाफ कमी करा.' कापड रंगून तयार झालं की, 'कोणीतरी इकडे या.' टाकी धुवायची राहिली तर, 'असं कसं चालेल?'

कंट्रोल रूममधली जुनी स्क्रीन दिवसभर अशी बडबडत असायची. नवी ओळ खालून यायची, बाकीच्या वर सरकायच्या, सगळ्यात वरची निघून जायची. रंगारी येता-जाता वाचायचे, हसायचे, कधी तिला उलट उत्तरही द्यायचे. साहेबांच्या पोटात एवढं बोलणं साठलेलं आहे, हे त्यांना त्या स्क्रीनमुळंच कळलं होतं.

मग दादाला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, वाचताही यायचं. पण बोलायला गेला की घशातून नुसता आवाज निघायचा, आणि डाव्या हातात पेन्सिल दिली तर अक्षरं जुळायची नाहीत. डॉक्टरांनी वहिनीला समजावून सांगितलं, की मेंदूत वाक्य जुळवायची जी जागा असते तीच दुखावली आहे. तयार वाक्य समोर आलं तर हे ओळखतील, पण स्वतः तयार करू शकणार नाहीत. वहिनीनं बिचारीनं चित्रांची कार्डं आणली. पाण्याचा ग्लास, ताट, पलंग, डोकं धरून बसलेला माणूस. दादानं ती एकदा पाहिली आणि हातानं बाजूला सारली. आयुष्यभर मोजूनमापून बोललेल्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं वाटलं असणार. वहिनी न्हाणीघराचा नळ सोडून आत रडत बसली.

घरी त्याचा जीव रमेना. कारखाना जवळच होता आणि मालकीणबाई जुन्या माणसांना धरून असणाऱ्या. त्यांनी सांगितलं, येऊ दे त्यांना, बसू दे कंट्रोल रूममध्ये. वहिनी सकाळी त्याला सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. तो स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसायचा. धाकटी कधीमधी डोकावायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. बसलाय आपला, आपलीच पोरं खेळताना बघत बसावं तसा. वेळ जातोय, चेहरा बरा दिसतोय. याच्या पुढे तिनं कधी विचार केला नाही. तिच्याही मागे कामाचा धोशा होता.

धाकटी यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. कारखान्यातला जुना कॉम्प्युटर आता पार थकला होता, म्हणून मालकीणबाईंनी तो काढून त्या जागी एक नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवायचं ठरवलं. यापुढे टाक्यांचे निरोप प्रत्येक टाकीवर लावलेल्या, इवलासा पडदा असलेल्या छोट्या डब्यावर उमटणार होते. ते काम धाकटीच्या कंपनीकडे आलं. तिथले थोरले म्हणाले, जुना प्रोग्रॅम फेकून द्या, नवा लिहा. एवढे प्रिंटएफ उपसत कोण बसणार?

धाकटी हट्टाला पेटली. दादाचं बोलणं गेलं होतं, हात गेला होता, निदान त्यानं लिहिलेलं तरी राहू दे. तिनं थोरल्यांना शब्द दिला, की दादाच्या एका अक्षराला हात न लावता ती हे करून दाखवेल.

आणि तिनं दाखवलंही. सी भाषेत हॅश डिफाइन म्हणून एक सोय असते, त्या सोयीनं मॅक्रो, म्हणजे एका शब्दाला दुसरा पर्याय, तयार होतो. प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक ओळ लिहायची, की यापुढे जिथं जिथं प्रिंटएफ हा शब्द येईल तिथं माझा अमुक शब्द आहे असं समजा. मग प्रोग्रॅम यंत्राच्या हाती जाण्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा कारभारी तो वरपासून खालपर्यंत चाळतो आणि गुपचूप शब्द बदलत जातो. मूळ पान जसंच्या तसं. दुकान हलवलं तरी जुन्या पत्त्यावरची पत्रं पोस्टमन नव्या पत्त्यावर नेऊन देतो ना, तसंच. पत्र लिहिणाऱ्याला काही बदलावं लागत नाही. धाकटीनं डब्यावर लिहिणारं आपलं एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, तयार केलं आणि दादाच्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर ती एक ओळ चढवली. स्क्रीनकडे जाणारी सगळी वाक्यं मुकाट्यानं डब्यांकडे वळली. चाचणीच्या दिवशी चौथ्या टाकीच्या डब्यावर 'पाणी हवंय' असं उमटलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच दिवशी मॅनेजर कंट्रोल रूममध्ये आला. त्यानं जुन्या स्क्रीनवर हात ठेवून विचारलं, की नव्या बोर्डाला हीपण जोडायची जागा दिसतेय, तर हिच्यावर पूर्वीसारखं काही यायला हवं आहे का.

"नको," धाकटी म्हणाली. "तिच्याकडे बघतंय कोण?"

दादा तेव्हा तिथंच, त्याच खुर्चीत बसलेला होता. ती बोलली ते कामाच्या भरात. टाक्या चालवणारी माणसं आता डबे बघणार, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ. पण बोलली ती दादाच्या डोक्यावरून, आणि बोलताना तिनं खाली पाहिलंही नाही.

मॅनेजर गेल्यावर ती लॅपटॉप घेऊन दादाजवळ बसली. तिला शाबासकी हवी होती. लहानपणी गणित सुटलं की वही घेऊन धावायची, तशीच आजही धावली. माथ्यावरची ओळ दाखवत ती म्हणाली, बघ दादा, तुझं एक अक्षर हलवलं नाही, सगळं या एका ओळीत. दादानं ती ओळ वाचली. सावकाश वाचली. हॅश डिफाइन म्हणजे काय हे धाकटीला त्यानंच तर शिकवलं होतं. मग त्यानं डाव्या हाताचं बोट त्या ओळीतल्या प्रिंटएफ या शब्दावर ठेवलं, तिथून उचलून समोरच्या स्क्रीनकडे नेलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हो, सगळं बंद," ती हसून म्हणाली. "आता तिथं काही येणार नाही. सुटलास बाबा तिच्या कटकटीतून."

दादानं बोट खाली घेतलं. पुन्हा एकदा ती ओळ पाहिली. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. धाकटी त्या दिवशी तरंगत घरी गेली.

स्क्रीन काळी झाली. तिला कुणी हलवली नाही, कारण ती जड होती आणि हलवायचं काम नेमकं कुणाचं हे ठरत नव्हतं. दादा येत राहिला, खुर्चीत बसत राहिला. काही दिवसांनी वहिनी फोनवर म्हणाली, की हल्ली ते सकाळी निघायला कुरकुर करतात, बूट पुढे केला तर पाय मागे घेतात. धाकटी म्हणाली, कंटाळा आला असेल. तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की आपण त्याच्या प्रोग्रॅमला हात लावला म्हणून तर रुसला नसेल? मग तिला थोडा रागच आला. एवढं जपून केलं, एक अक्षर हलवलं नाही, तरी याचं आपलं तेच. पण डोक्यावरचा तो हात आठवला आणि राग निवला.

पुढच्याच आठवड्यात, एका दुपारी, दादा कंट्रोल रूममध्ये खुर्चीवरून खाली कोसळला. दुसरा झटका होता. धाकटी दवाखान्यात पोचली तेव्हा वहिनी आत डॉक्टरांपाशी होती आणि बाहेर बाकावर म्हातारा रंगारी एकटाच बसला होता. चौथी टाकी सांभाळणारा. अंगावर कामाचेच कपडे, नखं निळी. तिला बघून तो उठला आणि हात जोडून उभा राहिला, जणू त्यानंच काही गुन्हा केला होता.

"ताई, मी होतो तिथं," तो म्हणाला. "त्यांनी मला बोलावलं होतं. मला कळलं नाही."

धाकटीला वाटलं, म्हातारा धक्क्यानं बरळतोय. बोलावलं म्हणजे काय? तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

रंगाऱ्यानं सांगितलं, की साहेब त्या स्क्रीनवरून बोलायचे. पहिल्यांदा झालं ते असं, की रंगारी शेजारून चालला होता, साहेबांनी त्याची बाही धरली आणि 'पाणी हवंय' या ओळीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, हो साहेब, सोडतो टाकीत. साहेबांनी 'नाही' अशी मान हलवली, बोट ओळीवर ठेवलं आणि मग आपल्या छातीवर. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिथून पुढे हा रिवाजच पडला. हवं ते वाक्य खालून वर येईपर्यंत साहेब थांबायचे, आलं की बोट ठेवायचे. जेवण नको असेल तर 'थोडं थांबा, घाई नको.' पंखा लावला की 'आता बरं वाटतंय.' रंगारी आपापसात भांडले तर 'असं कसं चालेल?' वर बोट, आणि सगळे हसून मोकळे. एखादं वाक्य यायला बराच वेळ लागायचा, पण साहेबांना घाई नसायची. उलट तेवढ्या गप्पा साहेबांनी आधी कधी मारल्या नव्हत्या, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. आणि एकदा त्यांनी 'कोणीतरी इकडे या' वर बोट ठेवून मग डोकं धरलं होतं. त्यानं पळत जाऊन कारखान्याच्या नर्सबाईंना आणलं, तर रक्तदाब केवढा तरी चढलेला. औषध बदललं होतं ते तेव्हाच.

औषध बदललं हे धाकटीला माहीत होतं. वहिनी बोलली होती. कसं कळलं, हे तिनं विचारलं नव्हतं.

"आज काय झालं?" तिनं विचारलं.

"आज ते काचेवर बोटानं टकटक करत होते. खालच्या बाजूला, जिथं नवी ओळ यायची तिथं. काच तर काळी. मला वाटलं, त्यांना जुनं आठवतंय. मी म्हटलं, साहेब, आता सगळं तिकडे डब्यावर येतं हो. त्यांनी माझी बाही धरली. मी हात सोडवला, ताई. कापड काढायची वेळ झाली होती."

धाकटीनं विचारलं, की स्क्रीन बंद झाल्यावर तुम्ही कुणी आमच्याकडे बोलला का नाहीत. रंगाऱ्यानं मान खाली घातली. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण, तो म्हणाला, तुम्हीच बंद केलीत, तेव्हा वाटलं घरी काही दुसरी सोय झाली असेल. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान तिला चिडता आलं असतं.

ती बाकावरच बसून राहिली. दादानं लॅपटॉपवरची ओळ वाचली तो क्षण तिच्यासमोर पुन्हा पुन्हा येत होता. प्रिंटएफवर बोट, मग स्क्रीनकडे. तिला वाटलं होतं, तो विचारतोय की हे नीट जमलं ना. तो मागत होता. त्याला त्या एका ओळीचा अर्थ तिच्यापेक्षा चांगला ठाऊक होता. आपली सगळी वाक्यं यापुढे आपल्यापाशी येणार नाहीत, हे त्यानं वाचताक्षणी ओळखलं होतं, आणि बहीण हसून 'सगळं बंद' म्हणाल्यावर त्यानं हट्ट सोडून दिला. वर तिला थोपटलं, कारण काम खरंच चोख झालं होतं. हे असलं मोठेपण त्यानं कुठून आणलं होतं? एकदा तरी टेबलावर मूठ आपटायची. तिला दादाचा इतका राग आला आणि त्याच्यासाठी इतका जीव तुटला, की तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ती लहान मुलीसारखी रडली.

दादा वाचला. म्हणजे श्वास चालू राहिला, डोळे उघडले, भरवलं तर जेवायला लागला. डॉक्टर म्हणाले, बघू, वेळ द्या. धाकटीनं त्या 'बघू'चा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात जाऊन बसली.

करायचं होतं ते अगदी थोडं. तिच्या फंक्शनमध्ये, डब्यावर वाक्य पाठवल्यावर, तेच वाक्य स्क्रीनवरही पाठवायचं. एक ओळ. फक्त तिथं प्रिंटएफ लिहिलं असतं तर मॅक्रोनं त्याचंही रूप बदललं असतं आणि फंक्शन स्वतःलाच हाका मारत गोल फिरलं असतं. म्हणून तेवढ्या फाइलीपुरता मॅक्रो रद्द करायचा, म्हणजे तिथला प्रिंटएफ खरा प्रिंटएफ राहतो. ही आणखी एक ओळ. झालं. दोन्हीकडे बोलणं जाऊ शकतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अवघड म्हणून तिनं ते टाळलं नव्हतं. गरज नाही म्हणून सोडलं होतं.

स्क्रीन लागली तेव्हा रंगारी काम टाकून दारात जमले. ओळी खालून वर सरकू लागल्या. कुणी हसलं नाही.

घरी आणल्यावर काही दिवसांनी दादाला चाकांच्या खुर्चीतून कारखान्यात नेलं. वहिनी नको म्हणत होती, धाकटीनं ऐकलं नाही. तिनं खुर्ची स्क्रीनसमोर लावली, त्याचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला आणि शेजारी उभी राहिली. वाक्यं येत होती, जात होती. म्हातारा रंगारी जवळ येऊन वाकला, बाही पुढे करून थांबला. दादाचे डोळे स्क्रीनवर होते, पण ओळीबरोबर सरकत नव्हते. खिडकीकडे बघावं तसा तो उजेडाकडे बघत होता. एक अख्खी टाकी रंगून झाली, सगळी वाक्यं येऊन गेली, तरी बोट हललं नाही. रंगाऱ्यानं हळूच बाही मागे घेतली आणि तो आपल्या टाकीकडे गेला.

धाकटी गुडघ्यांवर बसली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून.

"दादा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुला विचारायला हवं होतं. तू तिथंच बसला होतास."

दादा हसला. हल्ली जवळ वाकून बोलणाऱ्या कुणाकडेही बघून तो तसाच हसायचा. नर्सकडे बघूनही, न्हाव्याकडे बघूनही. ती माफी नव्हती, हे धाकटीला कळत होतं. माफ करायला आधी काय झालं ते समजावं लागतं, आणि ज्याला समजलं असतं तो दादा त्या दुपारीच गेला होता. तिनं त्याच्या हनुवटीवरची लाळ आपल्या रुमालानं पुसली, खुर्चीचे ब्रेक काढले आणि बाहेर थांबलेल्या वहिनीकडे त्याला घेऊन गेली.